आधी मीटर बघा ताई, मग मशीन

प्रश्न: नमस्कार काका. मी कोल्हापुरात कळंब्याजवळ राहते, वय ३९, शाहूपुरीत एका ऑफिसात अकाउंट्स बघते. मला घरी वेल्डिंग शिकायचंय. हसू नका, घरातले सगळे हसून झालेत. झालं असं की गेटचं काम एका मिस्त्रीला दिलं, त्यानं तीन हजार ॲडव्हान्स घेतला आणि चार महिने झाले "उद्या येतो ताई" एवढंच चाललंय. म्हटलं आपणच शिकावं. गच्चीवर कुंड्यांचे स्टँड, एक शिडी, जुनं २०० लिटरचं बॅरल कापून दोन मोठ्या कुंड्या, एक झोपाळा, आणि जमलं तर ते गेट. पार्किंगमध्ये जागा आहे, बजेट २० हजार. भाऊ शिरोलीत कंपनीत आहे, तो म्हणतो मिगच घे. शेजारचे आजोबा म्हणतात जुनं ऑइल कूल्ड घे, मरेपर्यंत बघायला नको. आणि मोबाईलवर साडेचार हजारात ४०० अँपिअरचं मशीन दिसतंय. नेमकं काय घेऊ?

उत्तर: ताई, हसायचं काय त्यात, आमच्या उद्यमनगरात अर्ध्या लोकांनी धंदा असाच कुणाच्या तरी रागात चालू केलाय. मी तर म्हणतो तुमच्या मिस्त्रीचे आभारच माना.

आता तुम्हाला तिघांनी तीन सल्ले दिलेत आणि गंमत म्हणजे भाऊ आणि आजोबा दोघंही खोटं बोलत नाहीत, पण दोघंही स्वतःच्या जागेवरनं बोलतायत. भाऊ कंपनीतनं बोलतोय, आजोबा १९८५ सालातनं बोलतायत, आणि मोबाईलवरची जाहिरात कुठनं बोलतीय ते खाली सांगतो. तुम्हाला जे दोन प्रश्न कुणीतरी पहिले विचारायला पाहिजे होते ते कुणीच विचारले नाहीत, एक म्हणजे तुम्ही जोडणार ते लोखंड जाड किती, आणि दुसरा म्हणजे तुमच्या घरात करंट येतोय किती. मशीन या दोघांच्या मधी बसलेलं असतंय, त्यामुळं या दोघांना विचारल्याशिवाय मशीनचं नाव काढायचं नाही.

लोखंडाचं आधी बघू. कुंड्यांच्या स्टँडला तुम्ही एक इंची स्क्वेअर पाइप घेणार, दुकानदार विचारेल किती गेजचा, तर १६ गेज म्हणजे साधारण १.६ मिलिमीटर, १८ गेज म्हणजे १.२ आणि १४ गेज म्हणजे २ मिलिमीटर, आकडा वाढला की माल पातळ होतोय हे डोक्यात ठेवा कारण पहिल्यांदा सगळ्यांचं उलटं होतंय. गेटला दीड इंची पाइप आणि आत पट्टी, तीसुद्धा ३ ते ५ मिलिमीटर. म्हणजे तुमच्या यादीत ५ मिलिमीटरच्या वर काही नाहीच. याला रॉड, म्हणजे जोडताना वितळत जाणारी काडी, लागतोय अडीच मिलिमीटरचा, दुकानात याला १२ नंबर म्हणतात, आणि तो चालतोय ६० ते ९० अँपिअरवर. अगदीच गेटच्या बिजागरीला ३.१५ चा म्हणजे १० नंबरचा रॉड लावला तर १०० ते १२० धरा. संपलं. आयुष्यभर कुंड्यांचे स्टँड केले तरी तुम्हाला १३० अँपिअरच्या वर बटण फिरवायची वेळ यायची नाही, मग ४०० अँपिअर घेऊन काय पंचगंगेवर पूल बांधायचाय का.

आता करंट. घरातलं लाईट बिल काढा, त्यावर मंजूर भार लिहिलेला असतोय, तो बघा. मग पार्किंगमधला सॉकेट बघा, बहुतेक १६ अँपिअरचा पॉवर सॉकेट असेल, आणि त्याच्या मागची वायर किती स्क्वेअर एमएमची आहे ते वायरमनला विचारा. हे मी उगं सांगत नाही, थोडा हिशोब करून दाखवतो, तुम्ही अकाउंट्समधल्या आहात, तुम्हाला गोडच लागेल. रॉडवर ७० अँपिअर चालू असताना जाळाला, म्हणजे रॉडच्या टोकाच्या आर्कला, साधारण २३ व्होल्ट लागतात, म्हणजे १६०० वॉट जाळात गेले, मशीन स्वतः थोडे खातंय, शिवाय साध्या इन्व्हर्टर मशीनचा (हे हलकं इलेक्ट्रॉनिक वेल्डिंग मशीन, घरचा बॅटरीवाला इन्व्हर्टर नव्हे) पॉवर फॅक्टर काही बरा नसतोय, म्हणजे कामाला लागतो त्यापेक्षा जास्त करंट ओढतंय, सगळं धरून भिंतीतनं ११-१२ अँपिअर ओढले जातात. हे १६ च्या सॉकेटला चालतंय. पण तेच बटण १२० वर नेलं की भिंतीतनं २२ च्या आसपास जातात, आणि मग एकतर एमसीबी पडतोय नाहीतर सॉकेट पिवळा पडून वास यायला लागतोय. वास येणं जास्त वाईट, कारण एमसीबी पडला तर कळतंय तरी.

म्हणून माझं पहिलं सांगणं, मशीनच्या आधी वायरमनला बोलवा आणि मीटरपासनं पार्किंगपर्यंत ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वेगळी लाईन ओढून घ्या, तिला स्वतःचा एमसीबी, आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाईन तोडणारा स्विच, असला तर फारच बरं, आणि अर्थिंग खरंच आहे का ते टेस्टरवर नाही मल्टिमीटरवर तपासून घ्या. लांब पडेल तर वायर किती जाडीची आणि एमसीबी किती अँपिअरचा ते वायरमनला ठरवू द्या. यात बजेटमधले दोन-तीन हजार गेले तरी जाऊ देत. गीझर आणि पाण्याची मोटर ज्या लाईनवर आहे त्याच लाईनवर वेल्डिंग करायचं नाही. आणि एक्स्टेन्शन बोर्ड, तो टीव्हीमागचा पांढरा, त्याच्याकडं बघायचंसुद्धा नाही. वायरचं भेंडोळं असेल तर पूर्ण उलगडून वापरायचं, गुंडाळलेली वायर आतल्या आत तापतीय, मी वितळून एकजीव झालेलं भेंडोळं बघितलंय, पुरणपोळीचं पुरण असतंय तसं झालं होतं.

व्होल्टेजचंही बघा. तुमच्या बाजूला संध्याकाळी शेतीपंप आणि घरचा लोड एकदम आला की दिवे मंद होत असतील तर साधा मल्टिमीटर घेऊन आठवडाभर संध्याकाळी सातला आकडा लिहून ठेवा. १९० च्या खाली जात असेल तर वेल्डिंग दुपारी करायचं, नाहीतर कमी व्होल्टेजवर चालणारं मशीन मागायचं, पाटीवर त्याची रेंज लिहिलेली असतीय.

आणि आता त्या पाटीवरच येतो, कारण खरी करमणूक तिथं आहे.

प्रत्येक मशीनच्या मागं किंवा बाजूला एक पाटी असतीय, कुणी वाचत नाही. तिच्यावर एक्स म्हणून एक ओळ असतीय टक्क्यात, त्याच्या खाली आय-टू म्हणजे रॉडला मिळणारा करंट, यू-टू म्हणजे त्यावेळचं व्होल्टेज, आणि खाली कुठंतरी आय-वन-मॅक्स म्हणजे मशीन भिंतीतनं जास्तीत जास्त किती ओढतंय ते. एक्स म्हणजे ड्यूटी सायकल, दहा मिनिटांपैकी किती मिनिटं. २०० अँपिअरला ६० टक्के लिहिलंय म्हणजे दहातली सहा मिनिटं २०० वर चालेल आणि चार मिनिटं फॅन लावून थंड व्हायला बसेल. ३० टक्के असेल तर तीन मिनिटं. त्याच ३० टक्केवाल्या मशीनला सलग चालवायचं म्हटलं तर साधारण ११० अँपिअरच धरायचे. तुम्हाला ७० पाहिजेत, म्हणजे हेही चालतंय, फक्त माहीत पाहिजे आपण काय घेतोय.

आता गंमत. या पाटीचं नियमातलं गणित ठरलेलं असतंय, रॉडच्या मशीनला व्होल्टेज म्हणजे २० अधिक करंटचा चार टक्के. २०० अँपिअरला २८ व्होल्ट. गुणाकार करा, ५६०० वॉट बाहेर. आता पाटीवर आय-वन-मॅक्स २० लिहिलंय समजा, २३० गुणिले २०, ४६०० वॉट आत. आत ४६००, बाहेर ५६००. हे वेल्डिंग मशीन नाही, ही अंबाबाईची कृपा आहे, दुकानदाराला हार घाला आणि बाहेर या. खऱ्या २०० च्या मशीनला घरच्या लाईनवर ३५-४० अँपिअर तरी ओढावेच लागतात. आणि तुमचं ते साडेचार हजारातलं ४०० वालं, त्याला याच हिशोबानं ३६ व्होल्ट, म्हणजे १४,४०० वॉट. घरच्या १६ च्या सॉकेटमधनं साडेतीन-पावणेचार हजार वॉटच्या वर येतच नाहीत. मग ते चारशे कुठं असतात, तर डब्यावरच्या स्टिकरवर असतात.

मी हसतोय पण मीही फसलोय हं. २०१४-१५ च्या सुमाराला साईटवर न्यायला हलकं पाहिजे म्हणून असंच एक लालभडक मशीन घेतलं, नाव सांगत नाही, नावं दर सहा महिन्यांनी बदलतातच त्यांची. पहिल्या दिवशी झकास. दुसऱ्या दिवशी १० नंबरचा रॉड लावला, चौथ्या रॉडला पिवळा दिवा लागला, आठव्याला आतनं फट्ट आवाज आला आणि दुकानदार म्हणाला तुम्ही एक्स्टेन्शन वापरलंय वॉरंटी बसत नाही. एक्स्टेन्शन मी वापरलं होतं हेही खरं, त्यामुळं भांडताही आलं नाही नीट.

आता भावाचं मिग, म्हणजे रॉडच्या जागी हातातल्या टॉर्चमधनं सलग वायर आणि गॅस सोडणारं मशीन. कंपनीत मिगच पाहिजे, दिवसभर सलग काम, सारखीच जाडी, थ्री फेज लाईन, आणि कार्बन डायऑक्साईडचा सिलिंडर संपला की स्टोअरमधनं दुसरा येतोय. हातही लवकर बसतो, बटण दाबलं की वायर येतीय, स्लॅग म्हणजे वेल्डवर बसणारा कडक थर ठोकायला लागत नाही, पातळ पत्र्याला तर रॉडपेक्षा कितीतरी सोपं. हे सगळं मान्य. पण तुम्हाला सिलिंडरचं डिपॉझिट, रेग्युलेटर, वायरचं बंडल, टॉर्चचे टिप बदलणं, आणि महिन्यातनं दोन रविवारी वापर. शिवाय गच्चीवर किंवा उघड्या पार्किंगमध्ये वारा सुटला की गॅस उडून जातोय आणि वेल्ड अंबोळीसारखं जाळीदार होतंय. गॅसशिवाय चालणारी फ्लक्सची वायर मिळते, ती वाऱ्यात बरी, पण तिला मशीनच्या आत पोलॅरिटी उलटी, म्हणजे प्लस-मायनसची अदलाबदल, करावी लागतीय आणि वायर महाग. थ्री इन वन म्हणून मिग, टिग आणि रॉड तिन्ही चालणारी जी मशीनं मिळतात त्यात चांगली पण आहेत, पण २० हजारात लाईन, मास्क, ग्राइंडर सगळं बसवून उरलेल्या पैशात जे थ्री इन वन येतंय ते तिन्ही कामं थोडी थोडी करतंय. पुढं दोन वर्षांनी रोज काम करायला लागलात तर मिग घ्या, भावालाच घेऊन जा, त्याला टॉर्च कळतोय.

टिग तुमच्यासाठी नाही, स्टीलचं बारीक काम करायचं असेल तेव्हा बघू, आणि ॲल्युमिनिअम करायचं तर एसी टिग लागतंय, ते बजेट वेगळं.

आजोबांचं ऑइल कूल्ड. आजोबा बरोबर आहेत की ते मरत नाही. आमच्याकडं एक होतं, तीन माणसं लागायची हलवायला, तेल गळायचं, पावसाळ्यात वर पोतं टाकायचो, पण चाललं ते चाललंच. त्यात बिघडायला काही नसतंच, तांबं, लोखंड आणि तेल. पण ती मशीनं दोन फेजवर जास्त बरी चालतात, तुमच्या सिंगल फेजवर चालू केलं की तुमचेच काय, आजोबांच्या घरातलेही दिवे डोळे मिचकावतील. एसी जाळ असतोय, नवीन हाताला तो धरून ठेवायला अवघड, रॉड चिकटतोय आणि सुटत नाही. आणि ते तुम्ही गच्चीवर कसं नेणार? आजोबांना चहा पाजा, त्यांच्या हाताखाली शिका, मशीन त्यांचं घेऊ नका.

तर घ्यायचं काय, साधं इन्व्हर्टर आर्क मशीन, सिंगल फेज, खरं २०० चं किंवा खरं १६० चं पण चालतंय, वजन पाच ते आठ किलो, खांद्याला अडकवून गच्चीवर न्याल. आतले इलेक्ट्रॉनिक स्विच मॉसफेट की आयजीबीटी यावर दुकानात अर्धा तास वाद घालतील, घालू देत, तुम्हाला दोन्ही चालतंय. हॉट स्टार्ट, म्हणजे पेटवताना क्षणभर जास्त करंट, आणि अँटी स्टिक असलं तर नव्या हाताला खरंच फरक पडतोय, रॉड चिकटला की मशीन स्वतःच करंट पाडतंय आणि रॉड हिसकून काढता येतोय, नाहीतर रॉड लालभडक होईपर्यंत माणूस रॉडचा होल्डर धरून ओढत बसतोय. भाव म्हणाल तर सहा-सात हजारांपासनं पुढं पंधरापर्यंत, आणि माझं मत असं की नऊ-दहाच्या आसपासचं, ज्याचं पीसीबी, म्हणजे आतलं सर्किट बोर्ड, इथं कोल्हापुरात दुरुस्त होतंय असं घ्या. दुकानदाराला मशीन कसं आहे हे विचारूच नका, बंद पडलं तर दुरुस्तीला कुठं देता ते विचारा. उद्यमनगरातल्या किंवा वाय. पी. पोवार नगरातल्या कुणा रिपेअरवाल्याचं नाव घेतलं तर बरं, "कंपनीला पाठवतो" म्हणाला तर महिना धरा.

आणि दुकानात जाताना एक करा, आपला १६ गेजचा पाइप हातभर आणि १२ नंबरचे पाच रॉड पिशवीत घेऊन जा. दुकानदार जाड प्लेटवर जाळ काढून दाखवतोय, प्लेटवर सगळी मशीनं छान दिसतात. तुम्ही म्हणा ६० वर लावा आणि माझ्या पाइपवर चालवा. कमी करंटला जाळ फडफडत असेल, विझत असेल तर तुमच्या कामाचं नाही, कारण तुमचं सगळं आयुष्य तिथं ६० ते ८० मध्येच जाणार आहे. सलग तीन-चार रॉड जाळून घ्या, फॅनमधनं गरम वारं आलं पाहिजे, जळका वास नाही.

मशीनबरोबर जी केबल येते ती बहुतेक दीड-दोन मीटर असतीय, होल्डर जमिनीवर पोचतोय पण कामावर पोचत नाही. तांब्याची केबल पाच मीटर वेगळी घ्या. अर्थचा क्लॅम्प भक्कम घ्या आणि तो कामालाच, म्हणजे जे लोखंड जोडताय त्यालाच लावा, रंग घासून. मी बघितलेल्या नव्या पोरांच्या निम्म्या तक्रारी, मशीन खराब, रॉड खराब, अशा, क्लॅम्पखालचा रंग घासला की मिटल्यात.

आता उरलेले पैसे, आणि हे तुम्ही मशीनमधनं कापून इथं घातलेत तरी मला चालेल. ऑटो डार्कनिंग हेल्मेट, म्हणजे जाळ पेटला की काच आपोआप काळी होणारं, घ्या, दीड-दोन हजारात बरं मिळतंय, शेड म्हणजे काचेचा काळेपणा १० किंवा ११ वर ठेवायचा. हातात धरायच्या काचेनं शिकता येतंय, पण एक हात त्यात जातोय आणि काच खाली करताना रॉडचं टोक हलतंय, नवा माणूस मग काच बाजूला करून "जरा बघतो" म्हणून चोरून बघतोय, आणि रात्री दोन वाजता उठून बसतोय. डोळ्यात वाळू कोंबल्यासारखं होतंय, पाणी थांबत नाही, उजेड सोसत नाही. रात्री का, तर तो त्रास लगेच होत नाही, सहा-आठ तासांनी होतोय. मग कोण बटाट्याची फोड ठेव म्हणतंय, कोण दूध घाल. काही घालायचं नाही, डॉक्टरकडं जायचं, मेडिकलमधनं बधिर करायचे ड्रॉप मागायचे नाहीत. बहुतेकांचं एक-दोन दिवसांत उतरतंय. पार्किंगमध्ये काम करणार तर आडवं एखादं जाड ताडपत्रीचं पार्टिशन उभं करा, गल्लीतली पोरं थांबून बघत राहतात, त्यांना कोण सांगणार.

कपडे सुती, जाड, पूर्ण बाह्या, पायात चामड्याचे बूट. ओढणी नको, सिंथेटिक काहीच नको, ठिणगी पडली की ते नुसतं जळत नाही, वितळून कातडीला चिकटतंय. चामड्याचे लांब हातमोजे. ग्राइंडर चार इंची, गार्ड काढायचा नाही, सगळे काढतात, तुम्ही काढायचा नाही. गॉगल. चिपिंग हातोडी, तारेचा ब्रश, गुण्या, दोन सी-क्लॅम्प, कोपऱ्याला धरायचे दोन मॅग्नेट. आणि ग्राइंडर मशीनच्या शेजारी चालवू नका, लोखंडाची ती बारीक पूड फॅनमधनं आत जातीय आणि पीसीबीवर बसून शॉर्ट करतीय. इन्व्हर्टर मशीन मरायचं मोठं कारण हेच.

रॉड ६०१३ चे घ्या, अडोर, एसाब, डी अँड एच, यातलं जे ताजं पाकीट मिळेल ते. ७०१८ कुणी "भारी असतंय" म्हणून गळ्यात मारलं तर नको म्हणा, ते जाड आणि जोखमीच्या कामाचं, भट्टीत तापवून वापरावं लागतंय. आपल्याकडं पावसाळ्यात तर साधे रॉडसुद्धा ओल धरतात, जून ते सप्टेंबर उघडं पाकीट ठेवलंत की जाळ थुंकायला लागतोय आणि वेल्डला बारीक भोकं पडतात. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, ओल धरलीय वाटलं तर वापरायच्या आधी तासभर शंभर डिग्रीच्या आसपास गरम करा, जुना ओव्हन असेल तर उत्तम, पण त्यात परत केक नको. आणि ओल्या फरशीवर उभं राहून काम करायचंच नाही, होल्डर आणि काम यांच्यामध्ये जाळ नसताना ६०-७० व्होल्ट असतात, कोरड्या हाताला कळत नाहीत, घामट ओल्या हाताला चांगले कळतात.

पहिला आठवडा काही बनवू नका. एखाद्या फॅब्रिकेटरकडनं भंगारातले पाइपचे तुकडे किलोवर घ्या, आणि नुसत्या रेघा मारा. रॉड काडी ओढतो तसा घासून पेटवायचा आणि लगेच रॉडच्या जाडीएवढाच वर धरायचा. कान द्या. बरोबर अंतर असलं की कढईत कांदाभजी सोडल्यावर येतो तसा एकसारखा चर्र आवाज येतोय, लांब गेलात की फुर्रफुर्र होतंय आणि ठिणग्या उडतात, जवळ गेलात की आवाज दबतो आणि चिकटतोय. मला माझ्या उस्तादानं पहिले चार दिवस जाळ बघायचा नाही, आवाज ऐकायचा, आणि जाळाच्या मागचं वितळलेलं तळं बघायचं एवढंच सांगितलं होतं. नवा माणूस त्या पांढऱ्या उजेडाकडं बघतोय, बघायचं असतंय मागच्या नारिंगी तळ्याकडं, ते गोल, चमकदार, आणि त्याच्या मागं सरकणारा काळपट स्लॅग. तळं लांबट व्हायला लागलं म्हणजे हात जोरात चाललाय, पसरून खाली लोंबायला लागलं म्हणजे आता भोक पडणार, रॉड उचला.

पातळ पाइपला भोक पडणारच, पहिल्या दहा जोडांना तर नक्की. करंट कमी करा, होल्डर मायनसला लावा, क्लॅम्प प्लसला, जाळ थोडा मऊ होतोय आणि पाइप वाचतो. सलग ओढू नका, ठिपका मारा, थांबा, लाली गेली की पुढचा ठिपका. आणि चौकट करताना आधी चारी कोपऱ्यांना फक्त टाके मारा, मग दोरीनं दोन्ही कर्ण मोजा, सारखे आले की मगच पूर्ण वेल्ड. एक कोपरा पूर्ण करून मग दुसऱ्याला गेलात तर लोखंड थंड होताना आकसून ओढतंय आणि चौकट पतंगासारखी तिरकी होतीय, मग हातोडीनं कितीही मारा.

जीआय पाइप, म्हणजे पांढरा जस्ताचा, स्वस्तात भंगारात मिळतोय म्हणून घेऊ नका. त्याचा पांढरा धूर नाकात गेला की संध्याकाळी थंडीताप भरतोय, अंग मोडून येतंय, याला आमच्याकडं पूर्वी कोण काय नाव द्यायचं माहीत नाही पण सगळ्यांना झालाय. जुने लोक म्हणतात काम झालं की पावशेर दूध प्यायचं. ताई, दूध प्यायचं असेल तर गंगावेशीत जाऊन म्हशीचं धारोष्ण प्या, फेसासकट, त्यासारखं काही नाही, पण त्यानं छातीतला धूर निघत नाही. जीआय जोडायची वेळ आलीच तर जोडाच्या दोन्ही बाजूला दोन इंच जस्त ग्राइंडरनं काढायचं, वारा धूर आपल्यापासनं लांब नेईल अशा बाजूला उभं राहायचं, आणि शक्यतो काळा पाइपच घ्यायचा.

तुमची यादी. स्टँड करा, पहिलं कामच ते. शिडी सहा महिन्यांनी, आणि पहिल्यांदा तिच्यावर पोत्यात वाळू भरून टांगून बघा. झोपाळा तुम्ही करू नका, आत्ता तरी नाही, पोरं उभ्यानं झोका घेतात, आणि स्लॅबच्या हुकाला आणि कड्याला तुमचा पहिल्या वर्षातला वेल्ड नको. तेवढं अनुभवी माणसाकडनं.

आणि ते बॅरल. त्यात आधी काय होतं? तेल, थिनर, केमिकल, काहीही असलं तर त्याला ग्राइंडरही लावायचा नाही आणि जाळही नाही. रिकामं बॅरल भरलेल्यापेक्षा वाईट, आत उरलेल्या थेंबाची वाफ आणि हवा मिसळली की ठिणगी पडायचा अवकाश, झाकण घेऊन माणूस उडालेली उदाहरणं औद्योगिक वसाहतीत सगळ्यांना माहीत आहेत. साबणानं धुतलं, दोन दिवस उन्हात ठेवलं, वास येत नाही, यातल्या कशानंही खात्री होत नाही. ते बॅरल जसं आहे तसं भंगारवाल्याला द्या. मोठ्या कुंड्या पाहिजेत तर पत्रा आणून चौकोनी करा, तुमचं पत्र्याचं शिक्षणही होईल. स्कूटरला कधी काही जोडायची वेळ आली तर टाकीच्या जवळपास नाही, आणि बॅटरीची मायनस वायर काढून.

शिकायचं म्हणाल तर तुमच्या जवळच, कळंबा रोडला सरकारी आयटीआय आहे, तिथं वेल्डरचा ट्रेड आहे, वर्षाचा. नोकरी सांभाळून ते जमणार नाही, पण तिथं जाऊन एखादा शनिवार-रविवारचा छोटा वर्ग किंवा शिकवणारे निवृत्त सर मिळतात का याची चौकशी करा. महिनाभर कुणी शेजारी उभं राहून "हात सैल सोड" म्हणणारं असलं की वर्षाचं काम होतंय. आणि हात बसल्यावर गल्लीतल्या लोकांच्या ऑर्डरी यायला लागतील, येणारच, तेव्हा घरगुती मीटरवर धंदा करू नका, महावितरणकडं कनेक्शन बदलायचं विचारा आधी.

राहिलं गेट. मिस्त्रीकडनं ते तीन हजार परत मागू नका, मिळायचे नाहीत आणि डोकं खराब होईल. त्याला फोन करा, म्हणा गेट नको, तेवढ्या पैशात मला दीड इंची १६ गेजचे पाइप मापात कापून दे, कोपरे ४५ ला. त्याच्याकडं चॉप सॉ आहे, तुमच्याकडं नाही, आणि ४५ अंशाचा काप चार इंची ग्राइंडरनं सरळ येत नाही नव्या हाताला. कापून द्यायला अर्धा तास लागतो, त्यामुळं हे काम तो करेल. मापं लिहून द्या, तोंडी नको.